सीटबेल्ट लावून निघालेला सूड

काका सूड घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी आधी सीटबेल्ट लावला, मग आरसा नीट केला, मग शेजारी बसलेल्या कॅमेरावाल्याला बेल्ट लावायला लावला, आणि मग इंडिकेटर देऊन गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. तोवर ज्याच्यावर सूड उगवायचा तो खलनायक, म्हणजे माझा नवरा, पुढच्या सिग्नलला वळून दिसेनासा झाला होता. त्याने बिचाऱ्याने फोन करून विचारलं, "काका, थांबू का?" काका म्हणाले, "आधी गाडी बाजूला घे. चालवताना फोनवर बोलू नकोस."

कतारला, दोह्यातल्या आम्हा मराठी मंडळींनी हौसेने काढलेल्या सिनेमातला हा पाठलाग. सिनेमा गुन्हेगारीचा, काळाकुट्ट, सूडाने पेटलेल्या एका माणसाचा. पोलीस, कोर्ट काही करत नाहीत म्हणून तो स्वतःच न्याय करायला निघतो. लेखक काका, दिग्दर्शक काका, आणि तो पेटलेला माणूसही काकाच. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. एवढ्या वयाचा सूडकरी कोण बघणार, असं माझ्या नवऱ्याने विचारून पाहिलं. काका म्हणाले की सूड घ्यायचा तर रजा शिल्लक लागते आणि ती आमच्या मराठी मंडळात फक्त त्यांच्याकडे आहे.

ते बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक मजला खाली राहत. काकू चिपळूणला, सासूबाईंच्या आजारपणात अडकलेल्या. त्यामुळे काकांचं संध्याकाळचं जेवण बऱ्याचदा आमच्याकडे व्हायचं. उत्तरेकडच्या एका गॅस प्रकल्पावर ते सेफ्टी ऑफिसर होते. त्यांच्या कंपनीत प्रत्येकाला, अगदी झाडूवाल्यालाही, एक केशरी कार्ड मिळे. धोका दिसला की कार्ड वर करायचं, की काम बंद. साहेब असो की कुणी असो, थांबायचं आणि रागवायचं नाही. कंपनीतले बाकीचे लोक हे कार्ड ड्युटी संपली की लॉकरमध्ये टाकत. काका ते शर्टाच्या खिशात घालून घरी आणत आणि शुक्रवारच्या सुट्टीतसुद्धा वापरत.

माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी ते पहिल्याच भेटीत काढलं. कुकरची शिट्टी जरा फुसफुसत होती, एवढंच. मी पोळी लाटता लाटता वळून बघते तर दारात काका, हात वर, हातात केशरी कार्ड. गॅस बंद करून, कुकर थंड करून, शिट्टीतला भाताचा कण काढून झाल्यावरच आम्हाला जेवायला मिळालं. त्यानंतर ते आले की आधी ओट्याखाली वाकून गॅसची नळी बघणार, मग मला "कशी आहेस गो?" विचारणार. एका गणपतीत तर त्यांनी आरती थांबवली. कुणाची तरी नायलॉनची ओढणी कापराच्या तबकाजवळ आली होती. सगळे 'सुखकर्ता'च्या मध्यावर आणि काका कार्ड वर करून उभे. बाप्पासमोर आरती थांबवणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. ओढणी मागे खोचून झाल्यावर त्यांनी स्वतःच पुढची ओळ उचलून दिली, तीही चांगल्या खड्या आवाजात.

"देव तारी त्याला कोण मारी, हे खरंच आहे," असं ते म्हणत. "पण देवाला रोज रोज ड्युटीवर बोलावू नये." टॅक्सीवाला म्हणाला की इन्शाल्ला पोचवतो वेळेत, तर काका म्हणणार, "इन्शाल्ला जरूर, भाईसाब, लेकिन पहले बेल्ट."

त्यांच्यासमोर एक गोष्ट मात्र बोलायची सोय नव्हती. 'काही होत नाही.' आपण मराठी माणसं दिवसातून किती वेळा हे म्हणतो, मोजायला गेलं तर लाज वाटेल. स्टुलावर स्टूल ठेवून चढताना म्हणतो, ओल्या हाताने स्विच लावताना म्हणतो. काकांच्या कानावर हे शब्द पडले की त्यांचा चेहरा बदलायचा. मग ज्याने म्हटलं त्याला ते समोर बसवून, काय काय होऊ शकतं, ते सगळं बोलायला लावत. पाय घसरू शकतो. डोकं आपटू शकतं. आपटून काय होऊ शकतं? पुढे बोल. माझी मुलगी इथे इंग्रजी शाळेत शिकते, आमचं मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. तीसुद्धा काका यायच्या आधी बापाला बजावून ठेवायची, "बाबा, प्लीज, डोन्ट से दॅट थिंग टुडे."

आता असा हा माणूस आठवड्याची सुट्टी कशी घालवत असेल? तर सूडाचे सिनेमे बघण्यात. हिंदी, तमिळ, कोरियन, भाषेची अट नाही. अट एकच, कुणीतरी कुणाचा तरी जीव घेतलेला असावा आणि दुसऱ्याने त्याचा माग काढत जावं. आम्ही दोघं कधी त्यांच्याबरोबर थिएटरला गेलो की आमची करमणूक दुप्पट व्हायची. पडद्यावर नायक कुऱ्हाड घेऊन अंधाऱ्या गोदामात शिरतोय, सगळं थिएटर श्वास रोखून बसलंय, आणि आमच्या शेजारून दबक्या आवाजात समालोचन चालू. हा एकटा कसा आत गेला? बंद जागेत एकट्याने जायचं नाही. बाहेर एक माणूस उभा पाहिजे. हातात मोजे नाहीत, पायात बूट नाहीत, याच्या आईला कुणी कळवलंय का? पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायचा. मी हसू दाबण्यासाठी तोंडात पॉपकॉर्न कोंबून घ्यायची.

त्यांनी बंद जागेचं ते बोलणं का चालवलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एका दुपारी चहा घेताना त्यांनीच सांगितलं, अगदी पत्ता सांगावा तसं. त्यांचा धाकटा भाऊ चिपळूणजवळच्या एका कारखान्यात लागला होता. बावीस वर्षांचा. एक टाकी धुवायला आत उतरायचं होतं. आत वायू साठलेला असतो, म्हणून आधी हवा तपासतात आणि मगच माणूस उतरवतात. त्या दिवशी कुणी तपासली नाही. पोराने विचारलं, साहेब, उतरू ना? शिफ्टचे इनचार्ज म्हणाले, उतर रे, काही होत नाही. बरोबरच्या हेल्परने हे ऐकलं होतं, त्यानेच पुढे काकांना गुपचूप सांगितलं. नंतर चौकशी झाली तेव्हा इनचार्जने टाकी तपासली होती असं सांगितलं, आणि नोकरीच्या भीतीने हेल्परनेही काही ऐकल्याचं नाकारलं. पोराचाच निष्काळजीपणा ठरला.

"मी तेव्हा पुण्यात ड्राफ्ट्समन होतो गो," काका म्हणाले. "ते सोडलं नि हे शिकलो." मग त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते पडलं म्हणून चमचा मागितला. त्यांना चमचा देताना मला रडू आवरेना.

तर मंडळाच्या वर्धापनदिनासाठी सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा काकांची गोष्ट तयारच होती. गेली कित्येक वर्षं ते ती मनात लिहीत होते. गोष्टीत एका कारखान्याचा साहेब असतो, त्याच्यामुळे एक तरुण मुलगा मरतो, साहेब सुटतो, मुलाचा मोठा भाऊ त्याला शोधत निघतो. साहेबाचं काम माझ्या नवऱ्याला मिळालं, कारण मंडळात मिशी त्यालाच आहे. एरवी हा वेस्ट बेच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो आणि प्रिंटरलाही 'सॉरी' म्हणतो. त्याला जन्मात पहिल्यांदा खलनायक व्हायला मिळालं, तर संवाद एकच, आणि तो पुन्हा पुन्हा. 'काही होत नाही.' धमकी नाही, गडगडाटी हसणं नाही, काही नाही. तालमीला सगळे हसायचे. असला कसला व्हिलन, हा तर माझा मेव्हणा बोलतोय, असं कुणीतरी म्हणालंही. काका हसले नाहीत. ते नवऱ्याला एवढंच म्हणायचे, "अजून सहज म्हण. तुला खरंच तसं वाटतंय, असं म्हण."

चित्रीकरण म्हणजे सूड कमी आणि सुरक्षा जास्त. सुऱ्याच्या टोकाला बूच लावलेलं, ते कॅमेऱ्यात दिसायचं. सूडकरी मारामारीला उभा राहिला की आधी चष्म्यावर चष्मा चढवायचा. गळा आवळायच्या प्रसंगात काका दर दोन क्षणांनी विचारायचे, "श्वास घेतोयस ना?" आणि मरणाऱ्या खलनायकाने मान हलवून 'हो' म्हणायचं. माझ्याकडे कपडे, चहा, नाश्ता आणि हरवलेल्या वस्तू शोधणं, एवढी खाती होती. मी नवऱ्याला म्हणायची, या चालीने काका तुला मारेपर्यंत आपल्या मुलीचं कॉलेज होईल.

कॅमेरा ओंकारचा. हा तिशीच्या आतला, आयटीतला, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, फोटोचं वेड असलेला गोड मुलगा. चिपळूणचाच. पहिल्या बैठकीत काकांनी, आपण कोकणी माणसं विचारतो तसं, कुणाचा रे तू, वडील काय करतात, असं विचारलं होतं. ओंकारने आडनाव सांगितलं, वडील अमुक कारखान्यातून रिटायर झाले असं सांगितलं. काकांनी कारखान्याचं नाव पुन्हा विचारून घेतलं आणि मग म्हणाले, कॅमेरा तूच धर. आम्हाला वाटलं, गाववाला भेटला म्हणून खूश झाले असतील.

काही आठवड्यांनी ओंकारने सांगितलं की त्याचे आईबाबा व्हिजिट व्हिसावर येणार आहेत. त्या दिवसापासून काकांनी घाई मांडली. शूटिंग पटापट उरकायचं, ते इथे असतानाच सिनेमा दाखवायचा, चला, चला, यल्ला, यल्ला. सावकाशीला धर्म मानणारा माणूस घाई करतोय म्हटल्यावर मी एकदा त्यांना जिन्यातच अडवलं.

"तोच तो, गो," ते म्हणाले. "ओंकारचा बाप. शिफ्ट इनचार्ज."

मला जिन्याचा कठडा धरावा लागला. काकांनी सवयीने माझ्या पायाखाली पायरी नीट आहे ना ते पाहिलं.

त्यांना त्या माणसाला काहीही करायचं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. फक्त पहिल्या रांगेत बसवायचं होतं. सगळ्या मंडळासमोर पडद्यावर तो साहेब 'काही होत नाही' म्हणणार आणि मग मरणार, आणि ते त्याने बघायचं. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मी म्हटलं, काका, ओंकारला यातलं काही ठाऊक नाही. बापाची फजिती तो स्वतःच्या हाताने चित्रित करतोय. त्याच्यावर काय बेतेल, याचा विचार केलात? तुम्हीच ना सगळ्यांना विचारता, पुढे काय होऊ शकतं?

"माझ्या भावाच्या वेळी कुणी केला होता विचार?" काका म्हणाले आणि जिना उतरून गेले, कठडा धरून, एकेक पायरी.

त्या रात्री मी नवऱ्याशी भांडले, कारण भांडायला दुसरं कुणी नव्हतं. तू खलनायक आहेस, तूच काम सोड, म्हटलं. तो म्हणाला की मी सोडलं तर ते दुसरी मिशी शोधतील. मला काकांचा राग आला होता आणि काकांचं दुःख कळतही होतं. या दोन्हीचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

शेवटचा प्रसंग अल रुवैसच्या धक्क्यावर घ्यायचा होता. एका शुक्रवारी सकाळी आम्ही दोन गाड्यांनी उत्तरेला निघालो. दुसऱ्या गाडीतून ओंकारबरोबर त्याचे वडील उतरले. शूटिंग बघायची त्यांना हौस वाटली म्हणे. सत्तरीचे, पांढरे केस, डोक्याला मफलर, हातात करंज्यांचा डबा. बायकोने पहाटे उठून केल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला आग्रहाने दिल्या, माझ्या नवऱ्याच्या मिशीचं कौतुक केलं, मुलीला इंग्रजीत "हाऊ आर यू" विचारलं. मला त्यांचा तिरस्कार करायचा होता आणि तो मेला काही जमेना. काकांनीही करंजी घेतली. न खाता हातात धरून ठेवली आणि मग माझ्याकडे दिली.

धक्क्यावर मासेमारीच्या लाकडी बोटी, जाळी, तारेचे पिंजरे, वारा भणाणत होता. काकांनी रीतसर परवानगी आणली होती, दोऱ्या आणल्या होत्या, लाइफ जॅकेटं आणली होती. खलनायकाच्या काळ्या कोटाच्या आत जॅकेट असल्यामुळे माझा नवरा पिंपासारखा दिसत होता. प्रसंग असा की सूडकरी त्याची कॉलर धरून त्याला धक्क्याच्या कडेला नेतो, तो शेवटचं 'काही होत नाही' म्हणतो आणि ढकलला जातो. पाण्यात नाही. एक पायरी खाली आमच्या घरची गादी अंथरली होती, तिच्यावर. पाण्यात पडण्याचा आवाज नंतर घालायचा होता.

ओंकारने कॅमेरा सुरू केला. काकांनी नवऱ्याची कॉलर धरली. तेवढ्यात मी बघितलं, ओंकारचे वडील काकांच्या मागे थोडं लांब, बोटी ओढून घेतात त्या उतारावर उतरून, मासे बघत पाण्याच्या कडेला गेले होते. उतार शेवाळाने हिरवागार. पुढे पाणी खोल. ओंकारलाही ते दिसले आणि तो ओरडला, "बाबा, मागे या, घसरडं आहे."

म्हाताऱ्याने वळूनही पाहिलं नाही. "काही होत नाही रे," म्हणाले आणि आणखी एक पाऊल खाली टाकलं.

माझ्या नवऱ्याचा संवाद त्याच्या तोंडातच राहिला. काकांचे हात अजून त्याच्या कॉलरवर होते. मी काकांकडे बघत होते. त्या क्षणी ते गप्प राहिले असते तरी जगात कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांचा काही संबंधच नव्हता. म्हातारा घसरला असता, खलास. मला ते काकांच्या तोंडावर दिसलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी कॉलर सोडली आणि खिशातलं केशरी कार्ड वर केलं. "थांबा," म्हणाले. "सगळे थांबा." आणि ते धावले. ओल्या जागेवर धावायचं नाही हा त्यांचाच नियम, आम्हा सगळ्यांना पाठ. त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी ते तो नियम मोडत उतारावर गेले, म्हाताऱ्याचं कोपर पकडलं, आणि त्याचा पाय घसरला तेव्हा त्याचं सगळं वजन काकांच्या हातावर आलं. दोघंही डगमगले. काकांनी सोडलं नाही. एकेक पाऊल करत त्यांना वर कोरड्या दगडावर आणलं, धावत आलेल्या ओंकारला गाडीतलं पाणी आणायला पाठवलं आणि मला हाक मारली, "अगो, एक जॅकेट आण."

मी जॅकेट घेऊन गेले ती तिथेच उभी राहिले. काका म्हणाले, "हात वर करा." म्हाताऱ्याने हात वर केले. काका जॅकेट चढवायला लागले. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, वाऱ्याने की कशाने त्याचे डोळे पाणावले होते. त्याने विचारलं, "तुम्ही चिपळूणचे ना? चौकशीला आला होतात. तुमचा भाऊ आमच्याकडे होता."

"हो."

काकांनी जॅकेट पुढे ओढून घेतलं. मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "ती टाकी मी तपासली नव्हती."

काकांचे हात बकलवर थांबले. "माहीत आहे मला," ते म्हणाले. मग त्यांनी बकल लावलं, पट्टा ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढून बघितला. "फार घट्ट होतंय का?"

म्हाताऱ्याने मानेनेच नाही म्हटलं.

परतीच्या वाटेवर काका आमच्या गाडीत होते. मी विचारलं, काका, बरं वाटतंय ना? त्यांनी सांगितलं की ते एक वाक्य ऐकायला ते इतकी वर्षं जगले, आणि आता ऐकल्यावर त्यांना फक्त भाऊ आठवतोय, बाकी काही नाही. आणि मग ते रडले, लहान मुलासारखे, सीटबेल्ट लावून.

ढकलण्याचा प्रसंग पुन्हा घेतला नाही. पण काकांनी 'कट' म्हटलंच नव्हतं, आणि ओंकारने घाबरून बापाकडे धाव घेतली तरी त्याचा कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला होता. त्यात लांबून सगळं आलं होतं. एक माणूस धावतो, दुसऱ्याला ओढून वर आणतो, त्याला जॅकेट घालतो. आवाज मात्र फक्त वाऱ्याचा. हे काढून टाकू का, असं ओंकारने विचारलं. काका म्हणाले, राहू दे, हाच शेवट. ओंकारला त्याच्या वडिलांनी नंतर काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात सिनेमा दाखवला. बूच लावलेल्या सुऱ्याला टाळ्या पडल्या, इंडिकेटर देणाऱ्या पाठलागाला शिट्ट्या पडल्या. 'काही होत नाही'ला तर हॉल इतका हसला की माझा नवरा आठवडाभर हवेत होता. ओंकारचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना तिथे कुणी बसवलं नव्हतं, ते आपणहून बसले होते. सगळे हसले तेव्हा ते हसले नाहीत. शेवटपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही.

दिवे लागल्यावर कमिटीतले एक गृहस्थ काकांना येऊन भेटले. सिनेमा झकास आहे म्हणाले, आमच्या कंपनीत सेफ्टी वीकला दाखवतो म्हणाले. मग जरा नाराजीने म्हणाले, "पण काका, एवढा पाठलाग केलात आणि सूड राहिलाच की हो."

काका पुढे बघत होते. पहिल्या रांगेत ओंकार वडिलांना हात देऊन खुर्चीतून उठवत होता, आणि म्हातारा पायाने खुर्चीखालची चप्पल शोधत होता.

"राहू दे," काका म्हणाले. "काही होत नाही."